गाडी पाण्यानं बंद पडली नव्हती

आमच्या घरात दर दसऱ्याला एक गोष्ट सांगितली जाते. बायकोनं खंडेनवमीच्या पूजेत गाडीच्या इंजिनावर तांब्याभर पाणी ओतलं, दुसऱ्या दिवशी गाडी सुरू झाली नाही, आणि तिच्या आजारी दादाकडं आम्ही उशिरा पोचलो. ही गोष्ट ती स्वतःच सांगते. हसत सुरुवात करते आणि शेवटाला तिचा आवाज बारीक होतो. मुलं हसतात, सुना हसतात, मीही आजवर हसत आलो. पण ती गोष्ट खरी नाही. पाणी तिनं ओतलं होतं, एवढंच खरं.

गाडी जुनीच. मी शाळेत शिकवत होतो तेव्हा दुसऱ्याच्या हातून घेतलेली पांढरी चारचाकी, चोक ओढल्याशिवाय न उठणारी. आमच्या तेर गावात लोक तिला ‘गुरुजींची गाडी’ म्हणतात. खंडेनवमीला बाकीचे लोक बॉनेटवर स्वस्तिक काढतात, झेंडूचा हार घालतात, झालं. आमच्या घरी तेवढ्यावर भागत नसे. विळा, खुरपं, कुऱ्हाड, सगळी हत्यारं आधी धुऊन मग हळदीकुंकू लावायचं ही तिच्या माहेरची रीत. गाडी आली तशी ती मला बॉनेट उघडायला लावायची. “वरच्या पत्र्याला पुजून काय करायचं? राबतंय ते आतलं,” असं तिचं म्हणणं. मग इंजिनावर पाणी शिंपडायचं, हळदीची बोटं ओढायची. आजवर कधी काही बिघडलं नव्हतं.

त्या वर्षी तिच्या दादाच्या अंगावरून वारं गेलं होतं. आमचं लग्न झाल्यापासून दसऱ्याला तो जळकोटहून एसटीनं आमच्याकडं यायचा, आणि बायको आपट्याचं पहिलं पान त्याच्या हातावर ठेवायची. आता तो खाटेवरून उठू शकत नव्हता. “यंदा आपण जायचं,” ती म्हणाली. आठवडाभर तिच्या तोंडी दुसरं काही नव्हतं. दादाला आवडतात म्हणून तिनं कडाकण्या करून डबा भरून ठेवला होता.

मला मात्र जायचं नव्हतं. दादाशी माझं वाकडं काहीच नव्हतं. भीती वाटत होती ती परतीच्या वाटेची. काही दिवसांपूर्वी धाराशिवहून एकटाच परत येताना दिवेलागणीला समोरून ट्रकचा उजेड आला आणि मला काहीच दिसेना. उजेड गेला तेव्हा सोयाबीनची पोती भरलेली ट्रॉली अगदी नाकासमोर होती. मी गाडी रस्त्याच्या खाली घातली आणि बराच वेळ तिथंच स्टिअरिंग धरून बसलो. घरी आल्यावर मी ते कुणाला सांगितलं नाही. जळकोट म्हणजे धाराशिव, तुळजापूर, नळदुर्ग करत दोन-अडीच तासांची वाट, आणि परत यायचं तर हैदराबादच्या हायवेवर अंधार पडणार. आयुष्यभर मुलांना खरं बोला म्हणून सांगितलं, पण “मला दिसत नाही” हे तीन शब्द काही माझ्या तोंडातून निघाले नाहीत.

दसऱ्याच्या सकाळी ती पुरण वाटत होती तेव्हा मी बॉनेट उघडलं. इंजिनाच्या बाजूला एक काळी टोपी असते. तिच्याखाली अंगठ्याएवढी फिरकी बसवलेली असते, ती प्लगांना ठिणगी वाटते. मेकॅनिक तिला रोटर म्हणतात. ती काढून घेतली की इंजिन नुसतं घरघरतं, पेटत नाही. गाडी बरेच दिवस उभी ठेवायची असली की चोरीच्या भीतीनं मी ती काढून घरात ठेवत असे. त्या सकाळी काढली आणि बंडीच्या खिशात टाकली. गाडीत काहीतरी बिघडलं असं सांगायचं मी ठरवलं होतं.

ती नवं लुगडं नेसून, डबा मांडीवर घेऊन गाडीत बसली. मी चावी फिरवली. घर्र, घर्र. पुन्हा घर्र. तिसऱ्यांदा फिरवली तेव्हा तिनं माझ्याकडं पाहिलं.

“अहो, काल म्या पाणी लई ओतलं का ओ?”

मी म्हणालो, “असेल.”

तेवढा एकच शब्द. बाकी सगळं त्याच्यावर उभं राहिलं.

शेजारचे कंडक्टर धावत आले. एसटीतून निवृत्त झालेले, गावात कुणाचंही इंजिन बंद पडलं की हजर.

“गुरुजी, बॅटरी गेली.”

“बॅटरी गेली असती तर फिरलं असतं का?” मी म्हणालो.

“मग प्लग. काढा प्लग.”

“तुम्ही तिकिटं फाडत होता का प्लग काढत होता?” त्यांची बायको दारातून म्हणाली.

“तू गप. घंटी मारल्याबिगर गाडी हलत नव्हती माझी!”

त्यांनी प्लग काढले, दगडावर घासले, परत बसवले. मग चार लोक जमवून गाडी ढकलली. कंडक्टर टपावर दोन थापा मारून “जाऊ द्या!” म्हणून ओरडले. गाडी नदीच्या उतारापर्यंत मुकाट गेली आणि मुकाट उभी राहिली. ती परत आणताना सगळ्यांना धाप लागली. मग त्यांचा हात त्या काळ्या टोपीकडं गेला.

“ते उघडू नका,” मी घाईनं म्हणालो, “आत ओल जाईल.”

“आता ओल जायची काय राहिली?” ते म्हणाले, पण त्यांनी हात मागं घेतला.

बायकोनं डबा सीटवर ठेवला. ती घरात गेली आणि तव्यावर गरम केलेलं फडकं घेऊन आली. बॉनेटमध्ये अर्धी वाकून तिनं एकेक वायर पुसायला घेतली, बाळंतिणीच्या लेकराला पुसतात तशी. फडकं गार झालं की आत जायची, दुसरं गरम करून आणायची. नव्या लुगड्याच्या पदराला ग्रीस लागलं. ती गाडीला हळूच म्हणत होती, “चुकलं माझं. एवढ्या बारीला चल. दादा वाट बघतोय.”

माझ्या खिशात तो तुकडा होता. आज कुणी विचारलं तर सांगतो, मी तिच्यावर दया केली नाही. मला नुसतं ते बघवेना.

“जा, आणखी एक फडकं गरम करून आण,” मी म्हणालो. ढकलणारे पांगले होते, कंडक्टर पाणी प्यायला वळले होते. मी टोपी उघडली, रोटर बसवला, टोपी लावली. ती आली तेव्हा मी गाडीत बसलो होतो. चावी फिरवताच इंजिन पेटलं. तिनं त्या तापल्या बॉनेटला हात जोडले.

दुपार कलल्यावर आम्ही जळकोटला पोचलो. दादाचा उजवा हात निर्जीव होता. त्यानं डावा पुढं केला आणि तिनं त्याच्यावर पान ठेवलं.

“लई उशीर? गाडीच्या बी अंगावरून वारं गेलं का काय?” तो तोंडाच्या एका बाजूनं हसला.

“न्हाय रे दादा, माझ्यापायी झालं. म्या पाणी ओतलं.”

कडाकणी मोडून ती त्याला भरवत होती. चहा झाला. मी सारखा उन्हाकडं बघत होतो. अंगणातली सावली भिंतीला लागली तसा मी चावी घेऊन उभा राहिलो. तिनं एकदा माझ्याकडं पाहिलं, डबा तिथंच ठेवला आणि उठली.

“अगं, आत्ताच तर आलीस,” दादा म्हणाला.

संक्रांतीच्या आधी तो गेला.

तेव्हापासून तिनं इंजिनाला हात लावला नाही. खंडेनवमीला लांबूनच बोटानं कुंकू उडवायची. पुढं मला नीट दिसत नाही हे मुलाच्या लक्षात आलं तेव्हा माझ्या मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. मला लख्ख दिसू लागलं, तरी मी बोललो नाही.

यंदा खंडेनवमीला गाडी पूजेसाठी बाहेर काढायला गेलो तर नुसती टिकटिक. ती पायरीवर ताट घेऊन उभी होती.

“तांब्या घरातच ठेवलाय बरं का,” ती म्हणाली. “आज माझं काई न्हाय.”

मी बॉनेट उघडलं. बॅटरीच्या टोकांवर पांढरा बुरा चढला होता. मी घरातून गरम पाणी आणून त्यावर ओतलं, ब्रशनं घासलं, कोरडं करून नट आवळले. गाडी एका दमात सुरू झाली.

ती बघतच राहिली. “पाणी चालतं व्हय ओ गाडीला?”

मी गाडी बंद केली, तिच्याजवळ पायरीवर बसलो आणि सगळं सांगितलं. ट्रॉली, खिसा, “असेल”.

“डोळ्याला दिसत न्हाय म्हणायला काय जीभ झडली हुती का?” ती म्हणाली. ताटातला कापूर उगीच इकडून तिकडं सरकवत होती. “दादानं वैनीला गाद्या काढायला लावल्या हुत्या. मुक्कामाला राहा म्हणणार हुता. तुमी उभं राहिलात, म्हणून बोलला न्हाय.”

हे मला ठाऊक नव्हतं. राहता आलं असतं. सकाळच्या उजेडात परत आलो असतो. इतकं सोपं होतं.

“पोरास्नी सांगा,” ती उठताना म्हणाली. “कंडक्टरला सांगा. अन् वैनीला तुमी जाऊन सांगायचं. म्या सगळ्यास्नी माझं चुकलं म्हणून सांगितलंय.”

मुलांना सांगितलं. धाकट्यानं फोन आईकडं द्यायला सांगितला. कंडक्टर म्हणाले, “म्हणजे म्या ते प्लग उगंच घासले?” दसऱ्याला आम्ही जळकोटला गेलो. वैनीनं खाली बघत ऐकून घेतलं.

“ते रातभर म्हणत हुते, तिला एवढी घाई कशाची झाली असंल,” ती म्हणाली. मग माझ्या बायकोकडं वळली. “वन्सं, तुमचं पान त्यांनी उशाखाली ठेवलं हुतं. मला हलवू दिलं न्हाई.”

बायकोनं वैनीचा हात धरला.

“आज तरी ऱ्हावा,” वैनी म्हणाली.

“राहतो,” बायको म्हणाली. मला कुणी विचारलं नाही.