हिरव्या रेघा आधी कोणी बघायच्या

रविवार, सकाळ. स्थळ: वाघमारे मॅडमचं मांजर्लीतलं घर. हजर: मॅडमची धाकटी बहीण नंदाताई, आमच्या प्रयोगशाळेतला महेश आणि मी. मॅडम गेल्यानंतरची ही पहिली बैठक.

मॅडम देवळात कधी गेल्या नाहीत. पण अंबरनाथच्या आमच्या प्रयोगशाळेत सूक्ष्मदर्शकापुढे बसताना चपला बाहेर काढत. नियम त्यांचाच: पेशी लावलेली काच ज्यानं तयार केली, त्यानं ती आधी बघायची नाही. महेश काचा करायचा, मी नावं झाकायची, मॅडम बघायच्या. "आपल्याला जे हवं असतं, डोळा तेच दाखवतो. लय लबाड!"

पेशीत अतिसूक्ष्म नळ्यांचं जाळं असतं. नळ्यांवरच्या रासायनिक खुणांनुसार त्यांची मजबुती बदलते, त्यांवरून होणारी मालाची ने-आण बदलते. खुणा असलेल्या नळ्या आम्हाला काळोखात हिरव्या रेघांसारख्या दिसत. एकदा पेशींना एक औषध दिलं आणि रेघा जवळजवळ गेल्याच.

महेश वैतागला. "मॅडम, खुणा करणारं एन्झाइमच बोगस आहे. नवीन मागवू?"

"अरे, कॅम्प चारला नंदाच्या जीन्सच्या कारखान्यात जा एकदा. बटण ठोकणारी कितीही हुशार असू दे, मशीन लावून देणारा मास्तर आला नाही की सगळ्या पँटी बिनबटणाच्या."

पेशीतला तो मास्तर म्हणजे चॅपरोन प्रथिन. औषधानं तोच अडवला होता, असं मॅडमचं म्हणणं. "स्वतः एक खूण करत नाही गं. करणाऱ्याला फक्त नीट घडीत धरून ठेवतो!" हे सांगताना त्यांचा आवाज खाली यायचा. मी हातातलं काम ठेवून ऐकायची.

शेवटच्या प्रयोगात ते औषध धुऊन काढलं. रेघा परतल्या, तर मॅडमचं म्हणणं टिकतं, नाहीतर नाही. काचा तयार झाल्या, तेव्हा मॅडम दवाखान्यात होत्या. आता काचांवरचा हिरवा रंग फिका पडत चाललाय. आणि कुठली काच कसली, हे महेशला आणि मला पाठ आहे.

"ताई, तुम्ही बघाल?" मी विचारलं. "रेघा कुठल्या काचेत जास्त, एवढंच सांगायचं."

"मी? अगं, मला तर आक्काच बरोबर ठरायला हवीय!"

"म्हणूनच नावं झाकलीयत."

नंदाताई उठून उभ्या राहिल्या. मग म्हणाल्या, "चपला बाहेरच काढायच्या ना?"

उरलेलं काम: काचा बघणे.