रिपोर्ट माझ्या डोक्याचा

"मावशी, स्ट्रोकनंतर हाताला रोज काम द्यावं लागतं," फिजिओथेरपीची पोरगी सहज बोलून गेली.

"कसला स्ट्रोक गं? मला तर सूज आहे."

तिनं माझ्या मालकांकडं बघितलं. ते खिडकीबाहेर बघायला लागले. बाहेर नुसती भिंत होती. तेव्हाच मला कळलं, ह्यांनी काहीतरी लपवलंय.

उस्मानपुऱ्यात बावीस वर्षं मी ब्लाउज शिवते. डोकं दुखायचं, ते चष्म्याच्या नंबरवर ढकललं. मग एकदा कापड धरलेला डावा हात आपोआप झटके द्यायला लागला. तपासणीत मेनिंजिओमा निघाला, म्हणजे मेंदूच्या आवरणावरची गाठ. ऑपरेशनमध्ये गाठ निघाली, पण शुद्धीवर आले तर डावा हात उचलेचना. दुसऱ्या दिवशी एमआरआय झाला. घरचे म्हणाले, "ऑपरेशनची सूज आहे, उतरेल."

सूज उतरायची वाट बघत मी महिना घालवला. व्यायाम केले, पण उपकार केल्यासारखे. हात आपोआप येणारच, मग जीव कशाला काढा? कन्नडहून जाऊबाई आल्या नि म्हणाल्या, "हिचं मनच नाय लागत." लई झोंबलं.

त्या दिवशी घरी येऊन मी मालकांना विचारलं, "डोकं कुणाचं?"

"तुझंच की."

"मग रिपोर्ट कुणाचा?"

"तू घाबरशील म्हणून..."

"घाबरायचं का नाय, ते मी बघीन! आणा आधी."

गव्हाच्या कोठीमागून रिपोर्टचं पाकीट निघालं. दुसऱ्या दिवशी ते घेऊन मी डॉक्टरांसमोर बसले. त्यांनी फिल्म उजेडात धरली. डिफ्यूजन एमआरआय म्हणतात त्याला. मेंदूच्या ज्या भागाचं रक्त नुकतंच तुटलंय, तिथलं पाणी हलायचं थांबतं, नि तो भाग पांढरा चमकतो. माझ्या फिल्ममध्ये बोराएवढा ठिपका होता.

"गाठ काढताना एक बारीक नस बंद पडली," डॉक्टर म्हणाले. "ही सूज नाही, स्ट्रोकची इजा आहे. हा भाग परत येणार नाही. शेजारचा भाग त्याचं काम शिकू शकतो, पण त्याच्याकडून रोज घासून सराव करून घ्यावा लागेल."

राग आला. नसेचा कमी, गेलेल्या महिन्याचा जास्त. माया करता करता माणसं आपलंच नुकसान करतात, नि वर म्हणतात तुझ्या भल्यासाठी!

मग मी हट्टाला पेटले. तांदळातून बटणं वेचायची, चिमटे लावायचे, कणीक मळायची. उजव्या हाताला मदत करू द्यायची नाय. मालक शेजारी बसायचे. त्यांचा सगळा दोष नाही, भ्याले होते बिचारे.

तीन महिन्यांनी पुन्हा एमआरआय झाला. डॉक्टर सवयीनं मालकांकडं वळले.

"साहेब, माझ्याकडं बघून बोला."

त्यांनी खुर्ची फिरवली. "गाठ परत आलेली नाही. अंगठा नि दोन बोटं चांगली सुधारलीत. करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बहुतेक असंच राहील."

तुमच्या घरी कुणी "काही नाही, सूज आहे" म्हणत असेल, तर बायांनो, बाप्यांनो, पाकीट मागा. भांडून मागा.

मी तर डॉक्टरांपुढंच रडले, सगळ्यांसमोर. पण माझ्या कानांनी ऐकून रडले. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवरचं कापड काढलं, नि तीन बोटांनी ब्लाउजची बाही धरली.