आंब्याच्या लाकडाची लाथ
परवा चाकणला कंपनीच्या फाटकाशी आंब्याचं झाड तोडत होते. ओल्या लाकडाचा वास नाकात शिरला आणि मी थेट निघोज्याला, सासुरवाडीच्या गोठ्यात पोचलो. म्हशी विकल्यावर मेव्हण्याने तिथे लाकूड फिरवून कातायची लेथ मशीन मांडली होती. बांधावरच्या आंब्याचा शेवटचा ओंडका सासूबाईंनी लेकीच्या मिठाच्या भांड्यासाठी जपला होता, आणि तो कोरायला घेतला मी. माझा हात कंपनीत लोखंडावर बसलेला. मधोमध भोक पाडलं आणि त्याच सवयीने कडेवरून हत्यार आत भोकाकडे रेटलं. खाडकन ते लाकडात रुतलं, दांडा मनगटावर बसला. मशीन बंद करून पाहिलं, तर आत ही एवढी खाच! “दाजी, धार तर चांगली हाय,” मेव्हणा चक्रावला. मग लाकूड बिथरलं कशानं? दारातून सासूबाई म्हणाल्या, “पाव्हणं, म्हशीवर उलटा हात फिरवला तर ती लाथ मारणारच की!” मी लाकडावर बोट फिरवून बघितलं. आत जाताना कुसं टोचत होती, बाहेर येताना नाही. मग हत्याराची पाठ लाकडाला टेकवून भोकापासून कडेकडे हलकेच ओढत आलो, तर सालीसारखी लांबच लांब ढलपी निघत गेली. ते भांडं आज आमच्या ओट्यावर आहे, आणि मीठ घेताना बोट हमखास त्या खाचेत जातं. तेव्हाच घासून काढणार होतो, पण सासूबाईंनी हात धरला. “ऱ्हाऊ द्या. लई दिसांनी ह्या गोठ्यात कुनीतरी लाथ मारली.”