नकार गोळा करणारी टोळी

ती घटना विसरावी म्हणून मी बराच प्रयत्न केला. पण घरच्या कपाटात त्या घटनेतून आलेली एक टोपी आणि एक टॉवेल आहे, त्यामुळे ते जमत नाही. दिवाळीच्या साफसफाईत बायको दरवर्षी विचारते, "हे आहेराचं वापरायला का काढत नाही?" मी दरवर्षी म्हणतो, राहू दे. स्वेच्छानिवृत्ती घेऊन आता दोन वर्षं झाली. खात्यात मी कमी बोलणारा म्हणून ओळखला जायचो. त्यातलं थोडं स्वभावामुळे होतं, थोडं या प्रकरणामुळे. नावं कुणाचीच देत नाही. देण्यासारखा दोषी त्यात एकच होता, आणि तो मी.

जालना जिल्ह्यातल्या एका बाजाराच्या गावी मी सहायक पोलीस निरीक्षक म्हणून ठाण्याचा प्रभारी होतो. पंधरवड्यात दोन दुकानांची शटरं उचकटली गेली होती आणि वरून रोज सकाळी एकच विचारणा व्हायची, तपासात प्रगती काय? प्रगती काहीही नव्हती. अशा दिवसांत अधिकाऱ्याला समोर येणारा प्रत्येक माणूस शटरच्या उंचीने मोजायची सवय लागते.

तेवढ्यात बाजारपेठेतले एक शेठजी ठाण्यात आले. शेती अवजारांचं दुकान, घराणं मूळचं राजस्थानचं, पण चार पिढ्या इथेच.

"साहेब, तीन दिवस झाले. रोज नवा माणूस येतो. इस्त्रीचा शर्ट, पायात बूट. फवारणी पंप घ्या म्हणतो. मी म्हणतो, नको. तर खूश होतो."

"खूश होतो म्हणजे?"

"हात जोडतो, वही काढतो. म्हणतो, शेठजी, तुम्ही नको म्हणालात त्याची सही द्या. सही घेतो अन् हसत जातो. साहेब, एवढे साल धंदा केला, 'नको' ऐकून हसणारा सेल्समन न्हाई पाहिला. बिलकुल गडबड आहे."

मलाही ते पटलं. आमच्या खबऱ्याने दुसऱ्याच दिवशी भर घातली. बस स्टँडमागे, पिठाच्या गिरणीवरच्या खोलीत सात-आठ जण रोज दहाला जमतात. चष्मेवाला एक जण त्यांना काहीतरी समजावतो, मग ते दोघा-दोघांनी बाजारात पांगतात. रेकी करणारी टोळी याहून वेगळी काय असते? त्याच्या पुढच्या दिवशी साडेदहाला आम्ही खोलीवर गेलो. कुणी पळालं नाही. उलट सगळे उठून उभे राहिले आणि एकाने तर मला बसायला खुर्ची दिली. आमचे हवालदार कानाशी येऊन म्हणाले, "सर, टोळी लई शिस्तीची आहे. जपून."

झडतीत हत्यार मिळालं नाही. मिळाली एक जाड वही. ती जप्त करून मी ठाण्यात उघडली, आणि खरं सांगतो, मला बढती दिसू लागली. पानापानावर दुकानांची नावं आणि पुढे शेरे. 'दुपारी एक ते दोन गल्ल्यामागे झोपतो.' 'कुत्रं आहे, चावत नाही.' 'मुलगा बसलेला असेल तर जाऊ नये, बाप असताना जावे.' 'कडक आहे, पण दोनदा गेल्यावर मऊ होतो.' याहून सरळ पुरावा मी नोकरीत पाहिला नव्हता.

चष्मेवाल्याला आत बोलावलं. चाळिशीचा, शांत. पंधरा वर्षं गावोगाव बियाणं विकलेला माणूस.

"धंदा काय?"

"सेल्समनची भरती, साहेब. कंपनीला माणूस पाहिजे असतो, माणसाला कंपनी. मी मधी."

"या पोरांकडून काय घेतोस?"

"काहीच न्हाई. कंपनी देते, तेही माणूस तीन महिने टिकला तर. आधीच पळाला तर दुसरा फुकट द्यावा लागतो. म्हणून तर ही वही."

"वहीचा काय संबंध?"

"साहेब, पोरं उन्हाला घाबरत न्हाईत, नकाराला घाबरतात. पहिल्या आठवड्यात दहा दुकानदार हाकलून देतात, अकराव्याच्या दारातून पोरगं सरळ घरी जातं. मंग मी कंपनीपुढं नेण्याआधीच त्याला बाजारात सोडतो. पन्नास नकार घेऊन ये, सहीनिशी. ज्याचे पन्नास झाले, तोच मुलाखतीला."

"आणि कुणी हो म्हणालं तर?"

तो पहिल्यांदा गडबडला. "मंग पंचाईत होते. पंप कुठं आहे आपल्याकडं? माफी मागायची अन् कंपनीचा नंबर द्यायचा."

मी टेबलावर हात आपटला. तो पुढे सांगतच राहिला. कंपन्या कसा माणूस मागतात, तर बोलका पाहिजे पण उलट बोलणारा नको. वय बावीस, अनुभव दहा वर्षांचा. तो कंपनीला खरं सांगायचा की असा माणूस आईच्या पोटी येत नाही. आणि पोरांनाही खरं सांगायचा की टार्गेट पहिल्या महिन्यात हलकं असतं, तिसऱ्यात मानेवर बसतं. खोटं बोलणारा माणूस इतकं विचित्र कारण शोधत नाही, हे मला तेव्हाच सुचायला हवं होतं. मी त्याला शेजारच्या खोलीत जबाबाला बसवलं.

मग बाहेरच्या बाकावरचा एक जण दारात आला. हसनाबादकडचा, बत्तीस वर्षांचा, घामाने इस्त्री मोडलेली. पुढे त्याला हसनाबादकर म्हणतो.

"साहेब, मला सोडा. नंतर पुन्हा येतो, पाहिजे तर बेडी घाला. तीन वाजता लॉजवर मुलाखत आहे. पंपाच्या कंपनीचे मॅनेजर आलेत, जागा एकच आहे. माझे पन्नास पूर्ण झालेत."

"मुलाखत काय, पुन्हा होईल."

"ती होईल, साहेब. सोयरीक न्हाई होणार. रविवारी पोरीकडचे येऊन राह्यलेत. पोरीचे वडील म्हणाले, नोकरीचं पत्र दाखवा, मंग कुंकू लावू. याआधी अकरा ठिकाणी नाही ऐकून आल्तो. तेव्हा वही न्हवती, न्हाई तर तेही मोजले असते."

मी हसलो. हसलो आणि म्हणालो, "बाकावर बस."

आता ती गोष्ट, जी स्टेशन डायरीत नाही.

सगळ्यांचे मोबाईल माझ्या टेबलावर होते. अडीचच्या सुमारास चष्मेवाल्याचा वाजला. मी उचलला. पलीकडून आवाज आला, "अहो, मी लॉजवर पोचलोय, तुमचा उमेदवार आणताय ना?" मी खाकी आवाज काढला. "पोलीस स्टेशन. हा फोनवाला ताब्यात आहे. त्याची पोरंही." पलीकडून, "काय केलं त्यांनी?" मला कुणी नाव विचारलं नव्हतं. मी वहीतलं मुलाखतीचं पान काढलं आणि हसनाबादकराचं नाव, गावासकट, सावकाश वाचून दाखवलं. फोन कट झाला. मी तो होता तसा परत ठेवला. शेजारच्या खोलीतून जबाब लिहिण्याचा आवाज येत होता. कुणाला काही कळलं नाही.

थोड्या वेळाने बाहेर गलका ऐकू आला. जाऊन पाहतो तर हसनाबादकराभोवती माझे चार शिपाई. एकाच्या शेतातला पंप बंद पडला होता, आणि हा बाकावर बसून त्याला नोझल कसं साफ करायचं ते दाखवत होता, पेनचं टोपण हातात घेऊन.

"बॅटरीचा पंप घ्या, दादा. खांदा दुखत न्हाई. रात्री पंखा चालवायला वायर जोडू नका फक्त."

"माझ्या मेव्हण्यालाही पाहिजे," दुसरा शिपाई म्हणाला.

ओळख पटवायला बोलावलेले शेठजी तेवढ्यात दारात आले. हसनाबादकराकडे बोट दाखवून ओरडले, "हाच तो साहेब! बराबर हाच!" शिपाई बाजूला सरकले. शेठजी दोन पावलं पुढे आले, टोपण बघितलं, आणि आवाज खाली आणून म्हणाले, "बॅटरी किती घंटे चालते?"

मी वही शेठजींपुढे टाकली, आपली सही ओळखा म्हणालो. त्यांनी पान काढलं. सही त्यांचीच. शेरा होता, 'पहिल्यांदा नको म्हणतात. तिसऱ्यांदा चहा देतात.' शेठजी लाजले. "चहा तर द्यावाच लागतो, साहेब. उन्हातून आलेला माणूस." मग पान उलटून एकदम म्हणाले, "अरे, यात तर तुमचं ठाणंही आहे!"

होतं. ठाणे अंमलदार म्हणून आमच्या हवालदारांची सही, ठसठशीत. 'टोळी शिस्तीची आहे, जपून' म्हणणारे हेच.

"सर, मला वाटलं वर्गणी मागून राह्यला," हवालदार जमिनीकडे बघत म्हणाले. "नको म्हणालो. सही मागितली, दिली."

त्याखाली दुसरी ओळ होती. 'मोठे साहेब : दारातूनच हाकलतात. ऐकून घेत नाहीत. सही मिळाली नाही.'

कुणाला हाकललं होतं, मला आठवेना. पण प्रकरण तिथेच फुटलं. आपल्या चोरीच्या वहीत कुणी पोलिसाची सही घेत नाही, आणि चोराला चहाची नोंद करायची गरज पडत नाही. पावणेचारला सगळ्यांना सोडलं. डायरीत लिहिलं, 'चौकशीकामी बोलावून, खातरजमा करून समक्ष सोडण्यात आले.' हसनाबादकर लॉजकडे पळत गेला. मॅनेजर निघून गेले होते. चष्मेवाल्याचे फोन त्यांनी उचलले नाहीत, नंतरही कधी उचलले नाहीत. सगळ्यांना वाटलं, उशीर झाला म्हणून.

शटरं उचकटणारे महिन्याभराने दुसऱ्याच तालुक्यात सापडले. त्यांच्या शर्टांना इस्त्री नव्हती.

शेठजी मात्र दुसऱ्या दिवशी गिरणीवरच्या खोलीत गेले. "ठाण्यात धरून आणलेला माणूस पोलिसांना पंप विकतो, तो मला पाहिजे." पगारावर घासाघीस करून चष्मेवाल्याने सौदा जमवला आणि दुकानाच्या लेटरहेडवर 'विक्री अधिकारी' असं पत्र लिहून घेतलं. पोरीच्या वडिलांना दुकानाचं पत्र पुरेसं वाटेना. चारित्र्याची खात्री करायला ते शनिवारी थेट माझ्यासमोर येऊन बसले.

"साहेब, पोरगा कसा आहे? खरं सांगा."

मी उभ्या आयुष्यात काही विकलं नव्हतं. त्या दिवशी अर्धा तास विकलं. मेहनती आहे, निर्व्यसनी आहे, शब्दाचा पक्का आहे. यातलं मला काहीच माहीत नव्हतं. सुदैवाने सगळं खरं निघालं. रविवारी कुंकू लागलं. लग्नात मला पहिल्या रांगेत बसवून माईकवरून सांगितलं, "ज्यांच्यामुळं ही सोयरीक जुळली ते साहेब!" आणि टोपी-टॉवेल देऊन सत्कार केला. लोकांनी टाळ्या वाजवल्या. मी बुंदीचा द्रोण खुर्चीखाली सरकवला.

मागच्या महिन्यात मी चष्मेवाल्याला गाठलं. खोली तीच, गिरणी तीच. फोनचं सांगून टाकलं. त्याने चष्मा पुसला.

"माहिती आहे, साहेब. एक्केचाळीस सेकंद. फोनात दिसतं की, उचलला म्हणून."

"मग बोलला का नाहीस?"

"वहीत लिहिलेलं होतं ना, ऐकून घेत न्हाईत. ती कंपनी गेली माझी. दुसऱ्या आल्या." मग थोडं थांबून, "त्याला न्हाई सांगितलं. ते तुमचं काम."

तसाच शेठजींच्या दुकानात गेलो. हसनाबादकर आता दुकानाची सगळी विक्री बघतो. "या साहेब!" म्हणून खुर्ची पुसली. मी बसलो नाही. उभ्यानेच सांगितलं, तुझं नाव मी वाचून दाखवलं होतं, विचारलं नसताना.

त्याने हातातलं नोझल काउंटरवर ठेवलं.

"मला वाटायचं माझंच चुकलं," तो म्हणाला. "तुमच्या पाया पडायचं सोडून मी शिपायांसोबत पंपाच्या गप्पा हाणत बसलो, म्हणून उशीर झाला. बायकोलाही तसंच सांगून राह्यलो आजपर्यंत."

हे मला माहीत नव्हतं. माझ्या एक्केचाळीस सेकंदांचं ओझं हा माणूस इतकी वर्षं वाहत होता, आणि मी त्याची टोपी कपाटात जपत होतो.

"टोपी-टॉवेल परत आणून देतो," मी म्हणालो.

"दिलेला आहेर परत घेत न्हाईत आमच्यात." मग खुर्ची माझ्याकडे सरकवून म्हणाला, "बसा. आता मी बोलतो, तुम्ही ऐका. मधी बोलायचं न्हाई."

बसलो. तो दिवस त्याच्याकडून कसा होता ते त्याने सांगितलं. लॉजपर्यंत पळताना बुटाचा तळ निघाला होता, तो हातात घेऊन तो काउंटरवर गेला होता. लॉजवाल्याने 'साहेब गेले' म्हणताना वर पाहिलंही नव्हतं. घरी जाताना अकरा अधिक एक बारा, असं तो मोजत गेला होता. चहा तीनदा आला. मी मध्ये एकदाही बोललो नाही. नोकरीत शेकडो जबाब घेतले, लिहून घेतले, वाचून दाखवून सह्या घेतल्या. ऐकला तो हा पहिला. या प्रकरणाने मला काय शिकवलं असं कुणी विचारलं तर मी एवढंच सांगू शकतो, आणि ते शिकायला निवृत्त व्हावं लागलं.

उठताना तो म्हणाला, "पंप दाखवू का, साहेब? नको असेल तर नको म्हणा. आपल्याला सवय आहे."

मला नको म्हणता आलं नाही. सोळा लिटरचा आहे, बॅटरीचा, खांदा दुखत नाही. घरी एक तुळस आहे आणि गुलाबाच्या दोन कुंड्या.