जेवणाच्या वेळी अर्धं शटर

शनिवार, भर दुपार, रविवार कारंजा चौक. हजर : फॉल-पिकोवाल्या बाई, एक घाईतलं गिऱ्हाईक, शेजारचा बांगडीवाला आणि साडी न्यायला आलेली मी.

दुकान त्या बाई एकट्याच चालवतात. जेवताना शटर अर्धं खाली ओढतात. गिऱ्हाइकाने साडीची पिशवी त्याखालून थेट ताटाजवळ सरकवली. बाईंनी न उठता लाकडी पट्टीने ती परत बाहेर ढकलली.

"अर्ध्या तासाने या."

"अहो, संध्याकाळी हळद आहे! एकट्याच तर आहात, कुणाला विचारायचंय?"

"मालकीण मीच, कामगारही मीच. कामगार जेवतेय. मालकीण तिला उठवणार नाही."

गिऱ्हाईक पाय आपटत दुसरीकडे गेलं.

"लय माज! धंद्यात असं चालतं का?" बांगडीवाला मला म्हणाला.

माझं डोकंच फिरलं. "तुम्ही भावाला गल्ल्यावर बसवून घरी झोप काढून येता, तो माज नाही? एकटीने उपाशी राहिलं तरच धंदा खरा का?"

तो आपल्या दुकानाकडे वळला. बाई शांतपणे भाकरी मोडत होत्या. गिऱ्हाईक गेलं त्या दिशेने त्यांनी पाहिलंही नाही.

मीही घरून एकटीच मसाले करून विकते. जेवताना फोन उचलणार नाही, हे गिऱ्हाइकांना सांगायचं अजून बाकी आहे.