जाऊबाईंच्या धवल्याला ठेका

पुतणीच्या हळदीची कामं मी तीन भागांत लिहिली होती: आणायचं, सांगायचं आणि विसरायचं नाही. तिसऱ्यात सगळ्यात वर होता धवला. आमच्यात लग्नाला बायका धवले गातात. एकजण ओळ म्हणते, बाकीच्या ती उचलतात, वाद्य नसतं. कोन गावातल्या आमच्या घरात ती ओळ म्हणायच्या माझ्या मोठ्या जाऊबाई, म्हणजे नवरीची आई. गळ्याच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज बसला तो बसलाच.

नवरी मात्र अडून बसली. "काकी, आईच्या धवल्याशिवाय मी हळद लावून घेणार नाही. आणि तो डीजेवर वाजला पाहिजे."

जाऊबाईंचा जुना आवाज माझ्या मोबाइलमध्ये होता. मी धवला शिकावा म्हणून त्यांनी स्वयंपाकघरात एकट्याने गाऊन पाठवला होता. मी शिकले नाही, पण फाइलला नीट नाव देऊन ठेवलं होतं.

सोसायटीच्या गॅदरिंगची गाणी कॉम्प्युटरवर मीच जोडते. त्यामुळे पनवेलला घरी बसून एका दुपारात काम उरकेल असं मी धरलं. डीजेवाल्याकडून ढोलाचा ट्रॅक घेतला, त्याखाली जाऊबाईंना ठेवलं आणि क्लिप ढोलाच्या टेम्पोला, म्हणजे लयीला, जुळवण्याचं बटण दाबलं. सॉफ्टवेअर अगदी माझ्या स्वभावाचं निघालं, समोरच्याला विचारत बसत नाही. कुकरच्या शिट्टीलाही त्याने ठोका मानलं. ती मी काढली. प्रत्येक ओळीनंतर बरीच शांतता होती, तीही काढली. एवढी रिकामी जागा ठेवून करायचं काय? ओळन् ओळ ढोलावर चपखल बसली. मी कामावर टिक केली.

रविवारी कोनला ओटीवर सगळ्यांना ऐकवलं. नवरीचा चेहरा पडला. जाऊबाई घोगऱ्या आवाजात म्हणाल्या, "मी काय एस्टीमागं धावतेय गो? नि बायका कवा बोलणार? त्यांना जागाच नाय ठेवलीस."

"हिच्याकडे पाहुण्यांना चहापण घड्याळ बघून मिलतो," शेजारीण म्हणाली.

एकट्या गात असूनही जाऊबाई प्रत्येक ओळीनंतर बाकीच्यांसाठी थांबल्या होत्या. कचरा समजून मी अख्ख्या गावातल्या बायका काढून टाकल्या होत्या.

त्याच सॉफ्टवेअरमध्ये उलटी सोयही असते: प्रोजेक्टचा टेम्पो क्लिपप्रमाणे चालवायचा. ती मी कधी वापरली नव्हती. आता मूळ क्लिप घेतली, तिच्यावर ठोका पडेल तिथे हाताने खुणा केल्या आणि ढोलाला जाऊबाईंच्या मागे चालायला लावलं.

नवा ट्रॅक पाठवला तसा डीजेवाल्याचा फोन आला. "काकी, बीट लटपटतंय. पोरं शिव्या देतील मला."

"नवरी पाटावरून उठली तर मी देईन," मी म्हटलं.

हळदीला धवला लागला. पहिल्या ओळीनंतर ढोल रेंगाळला, नाचणारे एक पाय उचलून तसेच उभे राहिले. आणि बायका गप्प. स्पीकरला कोण उत्तर देणार? नवरीने हळद लावायला पुढे आलेला पहिला हात मनगटाला धरून थांबवून ठेवला. दुसरी ओळ संपली तशी जाऊबाईंनी मागे वळून बायकांकडे असं काही पाहिलं की कडेच्या दोन म्हाताऱ्यांनी लगेच ओळ उचलली, ठोका चुकवूनच. मग सगळ्यांनी. जाऊबाईंचे ओठ त्यांच्याबरोबर हलत होते.

नवरीने मनगट सोडलं. "लावा आता," ती म्हणाली.