शिवेवरचा गाडा

परवा नवापूरच्या पुढे, जिथे इंग्रजी मुलूख संपून गायकवाडी सुरू होते, तिथे गेलो होतो. ह्यांना सरहद्दीच्या दगडांचे फोटो काढण्याचा नाद... सुट्टी आली की कॅमेरा खांद्यावर, आणि मागे मी.

त्यात सोमवार, माझा उपास. आगगाडीने अंग आंबलं होतं, वर बैलगाडीचे हिसके. गाडीवान हसत म्हणाला, "साहेब दगडना फोटो काढतस, वहिनीना कधी काढशात?" माझ्यात हसायचंही त्राण नव्हतं.

दगड सापडला. त्याला लागूनच, पलीकडच्या अंगाला, एक लहानसा लाकडी गाडा उभा होता. आत लाल चिंधी, लिंबू, शेंदूर लावलेली मातीची माय... गाड्याची सावली दगडावरच्या अक्षरांवर पडत होती. मी नको म्हणेपर्यंत ह्यांनी तो ओढून अलीकडे आणलासुद्धा.

तेवढ्यात शेतातून एक बाई धावत आली. "काय करं रे भाऊ! मरीमायले आम्ही काल शीवपार धाडी, तू तिले परत लई उना! मन्ही पोरना ताप आज सकायले उतरना..." आणि मटकन खालीच बसली.

गावात साथ आली की मायेला गाड्यात बसवून शिवेपलीकडे पोचवतात. हे आम्हा दोघांनाही ठाऊक... पण दगड दिसला की ह्यांना दुसरं काही दिसत नाही.

हे ओशाळले. गाडा परत ढकलायला वाकले, तर ती ओरडली, "तसं नही! ज्यानी आनी, त्याना घरनी सवासननी धाडाले पाहिजे. ओटी भरीसन."

सगळे माझ्याकडे बघू लागले. घरी माझीही दोन लेकरं आहेत... खरं सांगते, हात पुढे होईना. पण त्या बाईचे डोळे बघवेनात.

ओटीला माझ्याजवळ होतं काय? करंड्यातलं हळदकुंकू आणि फराळाचा खजूर. तोच मायेपुढे ठेवला, पदर खोचला आणि गाडा ओढत शिवेपार नेला. पायांत गोळे आले होते. "माय, तिची पोर सांभाळ, माझीही सांभाळ," एवढंच तोंडातून निघालं.

मागे न बघता परत आले. बाईने माझे हात धरले. दगडावर आता पुन्हा सावली होती... ह्यांनी मुकाट्याने कॅमेरा पिशवीत घातला.

त्या पोरीचं नाव विचारायचं राहूनच गेलं. संध्याकाळी दिवा लावताना माझ्या लेकरांच्या नावांमागून 'ती शिवेवरची पोर' एवढंच म्हणते... देवाला कळत असेल.